ऐकणं आणि आज्ञा: बायबलमधल्या श्रद्धेविषयी



आजचा विषय 'बायबलमधलं आज्ञापालन: श्रद्धेचा आविष्कार' असा जाहीर झाला आहे. तो आम्हीच दिला होता, त्यामुळे संयोजकांकडे तक्रार करायला जागा नाही. पण टिपणं काढायला बसलो आणि पहिल्याच शब्दापाशी अडलो. आज्ञापालन. मराठी माणसाला हा शब्द पहिल्यांदा कुठे भेटतो? शाळेत. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहायचा आणि खाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' म्हणून सही करायची. ज्याने वर्षभर कुणाचं काही ऐकलं नाही, तोही अर्जाखाली आज्ञाधारकच. (हशा) या शब्दाला कचेरीचा वास आहे. त्यात वरिष्ठ आहे, कनिष्ठ आहे, हुकूम आहे. आणि हाच शब्द चर्चमधल्या प्रवचनांत श्रद्धेच्या शेजारी येऊन बसतो. देवावर श्रद्धा आहे ना, मग आज्ञा पाळ. पाळत नाहीस, म्हणजे श्रद्धाच नाही. हे समीकरण आज आपल्याला तपासायचं आहे. मोडायचंच आहे असं नाही. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्या वाटेवर हा ग्रंथ भेटला आणि त्याने आम्हाला सोडलं नाही.

पहिली गोष्ट भाषेची. ती थोडी सावकाश घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा किती? यहुदी परंपरा 613 मोजते. इतक्या आज्ञा असलेल्या ग्रंथात 'आज्ञा पाळणे' याच्यासाठी स्वतंत्र क्रियापद असेल असं वाटतं ना? प्राचीन हिब्रूत ते नाही. जिथे आपण 'आज्ञा पाळली' असं भाषांतर करतो तिथे मुळात बहुतेक वेळा 'शामा' हे क्रियापद असतं, आणि त्याचा साधा अर्थ ऐकणं. आधुनिक हिब्रूला सैन्यासाठी, शाळेसाठी नुसत्या हुकूम पाळण्याचा शब्द लागला तेव्हा तो आरामी भाषेकडून आणावा लागला. ग्रीकमध्येही तेच. नव्या करारातला 'हुपाकोए' हा शब्द 'अकुओ', म्हणजे ऐकणे, याच्यापासून झालेला आहे. लॅटिन, जर्मन यांचीही तीच कथा.

आता हे समजायला मराठी माणसाला हिब्रू शिकावी लागत नाही. आई म्हणते, 'हा मुलगा माझं ऐकत नाही.' म्हणजे त्याच्या कानात बिघाड आहे असं तिला म्हणायचं नसतं. 'त्याचं ऐक जरा', 'ऐकशील तर शपथ', 'ती कुणाच्या बापाचं ऐकणार नाही', या सगळ्या ठिकाणी ऐकणं म्हणजे मानणं. संस्कृतात तर आणखी गंमत आहे. 'शुश्रूषा' म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकण्याची इच्छा म्हणून गुरूची सेवा. आणि घसरत घसरत आज दवाखान्यातली सेवाशुश्रूषा. म्हणजे आपल्याकडे शब्द होता. बायबल मराठीत आणणाऱ्यांनी तो न घेता 'आज्ञा' घेतला, यात दोष काढावा असं नाही, कारण 'ऐकणं' हा शब्द ग्रंथाच्या भाषेला फार घरगुती वाटला असणार. पण किंमत मोजावी लागली. ऐकण्यात दोन माणसं असतात, आवाज असतो, आवाज ओळखावा लागतो, चुकीचं ऐकू येण्याची शक्यता असते. आज्ञेत हुकूम असतो आणि अंमलबजावणी असते. मधलं माणूसच गळून पडतं.

इथे कोकणातली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले; सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे शतकानुशतकं हे लोक घाणे चालवत, तेल काढत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. हिब्रू विसरली, शास्त्र विसरलं. उरलं काय? शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि एक प्रार्थना, 'शमा'. तिचा पहिलाच शब्द आहे 'ऐक'. सिद्धान्त गेला, इतिहास गेला, आणि 'ऐक' एवढा शब्द राहिला. निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात सीनाय पर्वताच्या पायथ्याशी लोक मोशेला उत्तर देतात त्यात क्रम असाच उलटा आहे: आधी करू म्हणतात, मग ऐकू म्हणतात. यहुदी भाष्यकारांनी या क्रमावर पानंच्या पानं लिहिली आहेत. आधी समजून घ्यावं, पटवून घ्यावं, मग करावं, हा आपला सुशिक्षित क्रम झाला. त्या शनिवार तेल्यांचा क्रम दुसरा होता. त्यांची श्रद्धा काय होती, असं विचारलं असतं तर त्यांनी बंद घाणा दाखवला असता. म्हणून 'आज्ञापालन हा श्रद्धेचा आविष्कार' हे वाक्य आम्ही थट्टेवारी नेत नाही. त्यात खरं काही आहे.

श्रद्धेसाठी हिब्रूत शब्द आहे 'एमुना'. 'आमेन' त्याच धातूचा. पण एमुना म्हणजे डोक्यातलं मत नव्हे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. मोशे टेकडीवर उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएल जिंकतात, हात खाली आले की हरतात. म्हातारा माणूस, हात भरून येतात. मग त्याच्या खाली धोंडा ठेवतात, तो बसतो, एका बाजूने अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर त्याचे हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमुना' राहिले असं मूळ वाक्य आहे. म्हणजे स्थिर राहिले. श्रद्धा हा इथे हातांचा गुण आहे! आणि तेही दुसऱ्यांनी धरलेल्या हातांचा. आम्ही हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातली निम्मी भांडणं आम्हाला एकदम परकी वाटू लागली.

ती भांडणं तुम्हाला ठाऊक आहेत. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो की अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तेच त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं. तेव्हा त्याची सुंताही व्हायची होती. याकोब आपल्या पत्रात तोच अब्राहाम घेतो आणि उलट सांगतो की त्याने मुलगा वेदीवर ठेवला, त्या कृतीने तो नीतिमान ठरला. ल्यूथरला याकोबाचं पत्र इतकं टोचलं की 1522 च्या प्रस्तावनेत त्याने त्याला गवताची उपमा दिली. यावर चारशे वर्षं शाई सांडली. पण त्याच पौलाने रोमकरांच्या पत्राच्या अगदी सुरुवातीला आणि शेवटी एक जोडशब्द वापरला आहे, 'हुपाकोए पिस्तेओस', विश्वासाचं ऐकणं. षष्ठी विभक्ती मोठी लबाड असते. विश्वासातून येणारं आज्ञापालन, की विश्वास हेच आज्ञापालन, की विश्वासाला मान देणं? व्याकरण तिन्हींना परवानगी देतं. आमचं मत असं की पौलाला तीन वेगळे अर्थ दिसतच नव्हते. फोड आपण केली, आणि मग दोन तुकडे कसे जोडायचे म्हणून बसलो. असो. याहून जास्त वेळ तिथे घालवायला नको, कारण खरी अडचण विभक्तीत नाही. खरी अडचण मोरियाच्या डोंगरावर आहे.

उत्पत्ती, अध्याय बावीस. गोष्ट एकोणीस ओव्यांची म्हणा, एकोणीस वचनांची. देव अब्राहामाला हाक मारतो. तो 'हिन्नेनी' म्हणतो, म्हणजे 'हा मी इथे'. देव सांगतो, तुझा मुलगा घे, ज्याच्यावर तुझी माया आहे तो, आणि त्याचं होमार्पण कर. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो, दोन गडी आणि मुलाला घेऊन निघतो. तीन दिवसांची वाट. डोंगराच्या पायथ्याशी गड्यांना थांबवतो. लाकडं मुलाच्या खांद्यावर देतो, विस्तव आणि सुरी स्वतःच्या हातात ठेवतो. मुलगा 'बाबा' म्हणून हाक मारतो. अब्राहाम पुन्हा 'हिन्नेनी' म्हणतो, तोच शब्द. मुलगा विचारतो की विस्तव आहे, लाकडं आहेत, मेंढरू कुठे आहे? पुढचं तुम्हाला माहीत आहे. सुरी वर जाते, देवदूत हाक मारतो, तिसऱ्यांदा 'हिन्नेनी', झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो, त्याचा बळी होतो. आणि देवदूत सांगतो की तू माझा शब्द 'ऐकलास' म्हणून तुझ्या वंशाला आशीर्वाद. तेच क्रियापद, 'शामा'.

प्रवचनकार इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा, खरी श्रद्धा! आमचा प्रश्न साधा आहे. हाच माणूस चार अध्याय मागे काय करत होता? अठराव्या अध्यायात देव सदोम नगराचा नाश करायला निघाला आहे आणि अब्राहाम त्याला अडवून घासाघीस करतो आहे. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, असं करत दहापर्यंत आणतो. भाजीबाजारात आपली आजी करायची तशी. आणि वर देवाला ऐकवतो की सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश असून तू अन्याय करशील काय. देव रागावत नाही. प्रत्येक आकड्याला मान देतो. म्हणजे परक्या गावातल्या, ओळख ना पाळख अशा माणसांसाठी भांडणारा हा माणूस स्वतःच्या मुलासाठी एक शब्द काढत नाही. का? ग्रंथ सांगत नाही. पण ज्या ग्रंथाने दोन्ही अध्याय जवळजवळ ठेवले, त्याने देवाशी वाद घालणं हेही श्रद्धेत मोजलं आहे, एवढं तरी कबूल करायला हवं. प्रवचनांत अठरावा अध्याय 'मध्यस्थीची प्रार्थना' म्हणून वेगळ्या रविवारी येतो. दोन्ही एकाच रविवारी वाचले तर श्रोते प्रश्न विचारतील.

तत्त्वज्ञांनी प्रश्न विचारले. कांटने 1798 साली 'विद्याशाखांचा संघर्ष' या पुस्तकात एका तळटीपेत अब्राहामाला उत्तर सुचवलं आहे. त्याचा आशय असा: माझ्या निरपराध मुलाला मारू नये हे मला पक्कं ठाऊक आहे, तू, जो मला दिसतो आहेस, तो देव आहेस की नाही हे मात्र मला पक्कं ठाऊक नाही, आणि आकाशातून आवाज आला तरी ते पक्कं होणार नाही. तळटीपच, पण अख्ख्या ग्रंथाच्या तोलाची. पंचेचाळीस वर्षांनी, 1843 मध्ये, कोपनहेगनला किर्केगार्दने 'भय आणि कंप' लिहिलं, तेही स्वतःच्या नावाने नाही, 'योहानेस दे सिलेन्तिओ' अशा टोपणनावाने. मौनाचा योहान. हा योहान म्हणतो की मला अब्राहाम समजत नाही. त्याची मांडणी अशी की आगामेम्नॉन मुलीचा बळी देतो तो राज्यासाठी, सगळे त्याच्याबरोबर रडू शकतात, तो शोकांतिकेचा नायक. अब्राहामाकडे असं कोणतंही सार्वजनिक कारण नाही. नीतीच्या भाषेत तो खुनी ठरतो. श्रद्धेच्या भाषेत काय ठरतो, ते भाषेत सांगताच येत नाही. नीतीचं उद्दिष्टासाठी स्थगन, अशी त्याची प्रसिद्ध कल्पना.

हे पुस्तक आम्ही बरीच वर्षं एम.ए.च्या वर्गाला शिकवलं. मन लावून शिकवलं. 'निलंबन' म्हणावं की 'स्थगन' यावर तासच्या तास घालवले. एके वर्षी तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, 'सर, त्याची आई कुठे होती?' आम्ही घड्याळाकडे पाहिलं आणि 'पुढच्या तासाला बघू' म्हणालो. पुढच्या तासाला पाहिलं नाही. घरी येऊन बायबल उघडलं तेव्हा लक्षात आलं की बावीसाव्या अध्यायात सारा नाही. एकदाही नाही. नव्वदीत मूल झालेली बाई, पहाटे लाकडं फोडल्याचा आवाज तिला आला की नाही, तिला काय सांगितलं, काही नाही. आणि तेविसावा अध्याय उघडतो तोच तिच्या मरणाने. वय 127 वर्षं. यहुदी परंपरेतल्या कथाकारांना हे खटकलं आणि त्यांनी दोन घटना जोडल्या: मोरियाची बातमी ऐकून ती गेली. इसहाकाचंही तेच. अब्राहाम आपल्या गड्यांकडे परत आला, असं वचन आहे. मुलगा बरोबर आला असं लिहिलेलं नाही.

किर्केगार्दवर अन्याय नको. तो सारेला विसरलेला नाही. त्याचा तिसरा प्रश्नच हा आहे की अब्राहामाने सारेपासून, चाकरापासून, इसहाकापासून ही गोष्ट लपवली, ते नीतीने समर्थनीय होतं का. विसरलो आम्ही. पण त्याच्या उत्तराने आमचं समाधान होत नाही. तो म्हणतो की अब्राहाम बोलूच शकत नाही, कारण बोलणं म्हणजे सर्वसामान्यात येणं. ठीक. पण या मांडणीत सारा ही फक्त 'जिच्यापासून लपवलं ती' एवढीच उरते. मुलगा तिचाही होता, हा मुद्दा तर्कात येत नाही. एकट्या माणसाचं एकट्या देवाशी नातं, हे चित्र इतकं उदात्त आहे की त्यात सुरीखाली तिसरं कुणी आहे हे दिसेनासं होतं. परीक्षा अब्राहामाची, आणि परीक्षेची पाटी म्हणून वापरलेला मुलगा.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात एव्हाना चिलया बाळ आला असेल. शिवलीलामृतातला. अतिथी दारात येतो, मुलाचं मांस मागतो, आणि चांगुणा स्वतःच्या हाताने मुलाचं शिर उखळात कांडते, वर गाणं म्हणायला लागतं, रडायचंसुद्धा नाही. लहानपणी आजीच्या तोंडून ही कथा ऐकली तेव्हा आम्ही कितीतरी रात्री अतिथी येऊ नये अशी प्रार्थना केली होती. (हशा) दोन्ही कथा एकच सांगतात असं म्हणण्याची पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. आपल्या कथेत आई मध्यभागी आहे आणि मूल खरोखर मरतं. मग जिवंत होतं. बायबलमध्ये आई नाही, आणि मूल मरत नाही. मरणानंतर परत मिळणं आणि मरणाआधी हात थांबणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या लेखकाला हा फरक बोचला असावा. तो म्हणतो, देव मेलेल्यालाही उठवील असा अब्राहामाचा हिशेब होता. उत्पत्तीत असा हिशेब कुठेच नाही. भयाला दिलेलं हे नंतरचं मलम आहे.

हात थांबला, हेच महत्त्वाचं. लेव्हिनास या फ्रेंच यहुदी तत्त्वज्ञाने किर्केगार्दवर लिहिताना याच जागेवर बोट ठेवलं: कथेचा कळस पहिल्या आवाजात नाही, दुसरा आवाज ऐकू येण्यात आहे. आम्ही यात एक भर घालतो. मूळ हिब्रू नीट पाहा. पहिली आज्ञा देतो तो खुद्द देव, 'एलोहिम'. थांब म्हणतो तो देवदूत. आता सरकारी नियमाने बघा. आदेश मंत्र्यांचा, आणि स्थगिती घेऊन आला शिपाई! कुठलाही शिस्तीचा माणूस विचारील, लेखी आहे का? वरिष्ठांची सही आहे का? अब्राहाम विचारत नाही. सुरी खाली ठेवतो. तो केवळ आज्ञाधारक असता, तर इसहाक मेला असता. तो ऐकणारा होता म्हणून वाचला. तीन दिवस मनात एकच वाक्य घोकत आलेल्या माणसाला, हात वर गेलेला असताना, त्या वाक्याच्या विरुद्ध काही ऐकू येणं, आणि तेही कमी अधिकाराच्या तोंडून, हे सोपं नाही. त्या अध्यायात श्रद्धेची कसोटी आम्हाला तिथे दिसते. आज्ञाधारकांना दुसरा आवाज सहसा ऐकू येत नाही.

अर्थात ग्रंथ आमच्या सोयीने चालत नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला पंधरावा अध्याय काढा. यज्ञापेक्षा ऐकणं बरं, हा तिथला विचार ख्रिस्ती घरांतल्या भिंतींवर फ्रेम करून लावलेला असतो. त्या अध्यायातली आज्ञा काय होती, ते फ्रेममध्ये नसतं. आज्ञा होती अमालेकी लोकांचा समूळ संहार, पुरुष, बायका, तान्ही मुलं, गुरंढोरं. शौलाने राजा अगाग आणि चांगली मेंढरं राखली, म्हणून त्याचं राज्य गेलं; आणि शमुवेलाने अगागाचे तुकडे केले. इथे दुसरा आवाज नाही. देवदूत नाही, एडका नाही. हा अध्याय आम्हाला कोणत्याही अर्थाने सोडवता आलेला नाही, आणि जे 'त्या काळची रीत' म्हणून पुढे जातात त्यांच्याबरोबर आम्हाला जाता येत नाही. एवढंच दाखवून देतो की शौलाने आज्ञा देवाकडून ऐकलेली नव्हती. शमुवेलाने सांगितलेली होती. मध्ये एक माणूस होता.

आणि मित्रहो, बहुतेक वेळा मध्ये एक माणूसच असतो. मोरियाच्या गोष्टीचं आकर्षण असं की तिथे कुणी मध्ये नाही. पण तुमच्याआमच्या आयुष्यात देवाची आज्ञा कोण सांगतं? पुरोहित, बिशप, नवरा, सरकार, पुस्तकाचा अर्थ लावणारा. 1961 साली जेरुसलेममधल्या खटल्यात आइकमनने आपण कांटच्या नीतीने जगलो असं सांगितलं. ज्या कांटने आकाशवाणीलासुद्धा ओळखपत्र मागितलं, त्याच्या नावाने! म्हणजे तत्त्वज्ञानाचं नाव घेऊनही माणूस वाचत नाही. उलट बाजूला निर्गमाच्या पहिल्याच अध्यायातल्या दोन सुइणी, शिप्रा आणि पुवा. मुलगे जन्मले की मारा, हा फारोचा हुकूम. त्या देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी तो पाळला नाही. वर खोटंही बोलल्या. ग्रंथ फारोचं नाव सांगत नाही, सुइणींची नावं सांगतो. श्रद्धेचा आविष्कार म्हणून आज्ञाभंग, तोही पहिल्याच अध्यायात. मत्तयातल्या दोन मुलांचा दाखलाही आठवा: एक 'जातो' म्हणून गेला नाही, दुसरा 'नाही' म्हणून मग गेला. येशूचा कौल 'नाही' म्हणणाऱ्याकडे आहे.

आता आपल्या घरातली गोष्ट. पंडिता रमाबाई. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टरांच्या मठात राहिल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर त्यांचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात त्यावर जे वादळ उठलं त्याची चर्चा खूप झाली आहे. त्यानंतर तिकडे काय झालं याची कमी. रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या आणि त्यांच्या धर्मजीवनाची देखरेख करणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. जेराल्डीनना त्या 'आजीबाई' म्हणत. नात्यात माया खरी होती, दोन्ही बाजूंनी. आणि भांडण झालं ते नेमकं आपल्या आजच्या विषयावर. रमाबाई त्रैक्यावर प्रश्न विचारत होत्या, येशूच्या ईश्वरत्वावर विचारत होत्या, चर्चच्या ठरीव मतांपैकी कोणतं बायबलमधून येतं आणि कोणतं नाही, हे पडताळत होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनीही मत दिलं: शिकवू नये. जेराल्डीनबाईंना या सगळ्यात गर्व दिसला. श्रद्धा आहे तर चर्चची आज्ञा मानायला अडचण काय?

रमाबाईंचं 1885 मधलं उत्तर आम्ही उद्धृत करत नाही, आशय सांगतो. मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलं आहे. पुरोहित जे सांगतील ते परमेश्वराचंच म्हणून मानायचं, असं दुसरं जू मी आता घेणार नाही. हे शब्द कोण बोलत होतं ते लक्षात घ्या. या बाईने आज्ञाधारकपणा जवळून पाहिलेला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित, बायकोला आणि मुलीला शिकवणारे. पण कुटुंब तीर्थं करत, व्रतं करत, दानं देत, सांगितलेले सगळे विधी पाळत फिरलं, होतं नव्हतं ते संपलं आणि दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. शास्त्रात सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं. म्हणून रमाबाईंचा प्रश्न 'आज्ञा पाळू की नको' असा नव्हता. त्यांचा प्रश्न होता, हा आवाज कुणाचा आहे? हा कांटचाच प्रश्न, पण कांटने तो टेबलाशी बसून विचारला आणि रमाबाईंनी भुकेच्या वाटेवरून चालत येऊन.

एक बारीकसा वाद सांगतो, त्यात सगळं आलं. क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं की आमच्याकडे द्यायचा क्रूस असेल तर त्यावर संस्कृत हवं. लॅटिन काही संस्कृतपेक्षा जास्त पवित्र नाही. आणि संस्कृत देवभाषा म्हणूनही नको, ती माझ्या देशाची सुंदर, जुनी भाषा म्हणून हवी. बघा, दोन्हीकडच्या पुरोहितांना एकाच वाक्यात निरोप.

मग ही बाई बंडखोर, श्रद्धाहीन? जेराल्डीनबाईंना काही काळ तसं वाटलं. पण पुढचं आयुष्य पाहा. मुंबईत 1889 मध्ये शारदासदन, मग पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली. आणि उतारवयात या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, मूळ भाषांतून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला. जुळणी, छपाई, सगळं आश्रमातल्या बायकांच्या हातून. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये निघाला. मध्ये कुणी नको, म्हणून भाषाच शिकून घेतल्या. चर्चचा अर्थ मानत नाही म्हणणाऱ्या बाईने मूळ अक्षरांपुढे इतकी वर्षं मान घातली. याला आज्ञापालन म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही याला शुश्रूषा म्हणतो, त्या शब्दाच्या जुन्या अर्थाने.

त्यांचं बंड आज आपल्याला वाचायला मिळतं याचं श्रेय जेराल्डीनबाईंना द्यावं लागेल. ही सगळी पत्रं त्यांनीच जपून, संकलित करून ठेवली होती. अ. भि. शहांनी ती संपादित केली आणि 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापली. ज्या शिष्येने आपलं ऐकलं नाही तिची उत्तरं या बाईने फाडली नाहीत. पुस्तक मिळालं तर दोघींचीही पत्रं वाचा, फक्त रमाबाईंची नको. जेराल्डीनबाईंची बाजू आम्हाला पटत नाही, पण ती दुबळी नाही. त्यांचा प्रश्न असा होता की प्रत्येकाने आपल्या कानावरच विसंबायचं तर स्वतःचाच आवाज देवाचा म्हणून ऐकू येणार नाही कशावरून? याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. मोशेचे हात दोघांनी धरले होते, एवढं आठवतं.

वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. ईयोबाला हात लावायचा होता, तो राहिला. देवाविरुद्ध अध्यायामागून अध्याय तक्रार करणाऱ्या माणसाला शेवटी देवच म्हणतो की माझ्याविषयी नीट बोलला तो हाच, आणि देवाची बाजू घेणारे त्याचे मित्र मात्र चूक ठरतात. पुढच्या वेळी तोच घेऊ. ज्यांना जमेल त्यांनी निदान पहिले तीन आणि शेवटचे पाच अध्याय वाचून या. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला, ती हे ऐकत असेल तर, तो पुढचा तास आज झाला असं समजावं. आता प्रश्न घेऊ.